शोधनिबंधात वनस्पतीचे जनुक निःसंदिग्धपणे कसे नोंदवावे : सुगंधी भाताच्या एका जनुकाच्या आधाराने

भाताच्या सुवासाशी निगडित जनुकावरचे गेल्या वीस वर्षांतले शोधनिबंध एकत्र वाचायला घेतले, तर एकच जनुक निरनिराळ्या नावांनी समोर येते. जुन्या जनुकीय नकाशांवर ते ‘एफजीआर’ आहे. २००५ साली त्याची ओळख पटवणाऱ्या निबंधात ते ‘बीएडी२’ आहे, २००८ नंतरच्या बहुतेक लेखनात ‘बीएडीएच२’ आहे, आणि त्याच्या एन्झाइमची रासायनिक क्रिया तपासणाऱ्या काहींनी त्याला ‘एएमएडीएच२’ म्हटले आहे. नव्याने विषयात येणाऱ्या विद्यार्थ्याला ही चार वेगळी जनुके वाटली, तर दोष त्याचा नाही. याच्या उलट अडचणही याच जनुकापाशी आहे. बीटेन अल्डिहाइड डिहायड्रोजिनेज (बीएडीएच) या एन्झाइम-गटाची दोन जनुके भातात आहेत, एक चौथ्या गुणसूत्रावर आणि एक आठव्या. सुवासासाठी मुख्यतः कारणीभूत ठरते ते आठव्या गुणसूत्रावरचे. त्यामुळे ‘आम्ही भातातील बीएडीएच जनुक तपासले’ एवढेच लिहिलेल्या वाक्यावरून कोणते जनुक तपासले हे कळण्याचा मार्ग उरत नाही, आणि मग त्या निबंधातले मोजमाप कितीही काळजीपूर्वक केलेले असले तरी दुसऱ्या कोणाला ते वापरता येत नाही.

आंबेमोहर, इंद्रायणी, आजऱ्याचा घनसाळ अशा सुवासिक भातांवर पुण्यात, कोल्हापुरात, दापोलीत काम करणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत, म्हणून हेच जनुक आधाराला घेतले आहे. पद्धत मात्र कोणत्याही पिकाला लागू पडते. एक सूचना आधीच करावी लागेल. या लेखात जनुकांची नावे आणि क्रमांक वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिले आहेत. निबंधात आणि डेटाबेसमध्ये ते मूळ रोमन रूपात, एकही अक्षर, बिंदू किंवा अधोरेषा न बदलता लिहायचे असतात.

नावाबरोबर लोकस क्रमांक द्यावा

पहिली पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे. जनुकाचा निबंधात पहिला उल्लेख येईल तिथेच त्याचे नाव आणि लोकस क्रमांक, दोन्ही द्यावेत. नाव हे माणसांच्या बोलण्यासाठी असते. ते बदलते, दोघांना मिळते, कधी मागे पडते. लोकस क्रमांक जीनोममधली, म्हणजे वनस्पतीच्या संपूर्ण डीएनएमधली, एक ठरावीक जागा दाखवतो.

भाताच्या बाबतीत क्रमांकांच्या दोन मालिका समांतर चालतात आणि पुष्कळ गोंधळ इथूनच सुरू होतो. जपानमधून चालणाऱ्या रॅप-डीबी या डेटाबेसमध्ये आपल्या जनुकाचा क्रमांक ओएस०८जी०४२४५०० असा आहे, तर मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे एमएसयूच्या, मालिकेत तेच जनुक एलओसी_ओएस०८जी३२८७० असे नोंदले आहे. दोन्हींत ‘ओएस’ म्हणजे ओरायझा सटायव्हा, ‘०८’ म्हणजे आठवे गुणसूत्र आणि ‘जी’ म्हणजे जनुक. पुढचे आकडे गुणसूत्रावरचा क्रम दाखवतात. रॅपच्या मालिकेत मुळात शेजारच्या जनुकांमध्ये शंभराचे अंतर ठेवलेले होते, अरॅबिडॉप्सिस या प्रयोगांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीच्या मालिकेत दहाचे, जेणेकरून पुढे सापडणाऱ्या जनुकांना मधले क्रमांक देता यावेत. दोन मालिकांतले आकडे एकमेकांतून हिशेबाने काढता येत नाहीत. त्यासाठी रॅप-डीबीवरचे क्रमांक बदलून देणारे साधन वापरावे लागते, आणि तेही प्रत्येक वेळी एकास एक उत्तर देत नाही, कारण एका मालिकेने जे एक जनुक धरले आहे ते दुसरीने कधी दोन जनुकांत विभागलेले असते. भातावरच्या निबंधात दोन्ही क्रमांक द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्ध्या ओळीची जागा जाते आणि वाचकाचे शोधकाम वाचते.

एनसीबीआय या अमेरिकी संस्थेच्या डेटाबेसमधल्या नोंदींत ‘एलओसी’ या अक्षरांपुढे थेट आकडे येतात, तर एमएसयूच्या क्रमांकात ‘एलओसी’नंतर अधोरेषा आणि ‘ओएस’ असते. संगणकावर नक्कल करताना अधोरेषा गळाली की क्रमांक शोधूनही सापडत नाही. म्हणून क्रमांक कधीही हाताने टंकलिखित करू नये. तो डेटाबेसमधून उचलून चिकटवावा आणि मसुदा पूर्ण झाल्यावर पुन्हा एकदा डेटाबेसमध्ये टाकून पाहावा.

जुन्या निबंधात फक्त नाव असेल तेव्हा क्रमांक कसा काढावा

आधी ओरायझाबेस या डेटाबेसमध्ये ते नाव शोधावे, कारण तिथे प्रत्येक जनुकाची समानार्थी नावे एकत्र दिलेली असतात. पण तेवढ्यावर थांबू नये. मूळ निबंधातला डीएनए क्रम किंवा प्रायमर (डीएनएचा ठरावीक भाग पकडणारे लहान तुकडे) घेऊन ते संदर्भ जीनोमशी, म्हणजे तुलनेसाठी प्रमाण मानलेल्या वाणाच्या जीनोमशी, ब्लास्ट या क्रम जुळवणाऱ्या साधनाने जुळवावेत आणि दोन्ही प्रायमर एकाच जनुकात, योग्य दिशांनी आणि अपेक्षित अंतरावर पडतात का ते पाहावे.

आपल्या जनुकासाठी सर्वांत प्रचलित चाचणीत चार प्रायमर एकाच नळीत वापरतात. बाहेरची जोडी प्रत्येक नमुन्यात सुमारे ५८० बेसजोड्यांचा पट्टा (जेलवर दिसणारा त्या लांबीचा डीएनए तुकडा) देते आणि चाचणी नीट चालल्याची खात्री देते; त्याखाली सुगंधी ॲलील (जनुकाचे एक पर्यायी रूप) असेल तर २५७ चा आणि नसेल तर ३५५ चा पट्टा दिसतो. संकरित रोपात दोन्ही पट्टे येतात. हे चारही प्रायमर निप्पोनबारे या संदर्भ वाणाच्या जीनोमवर जुळवून पाहिले, तर सुगंधी ॲलीलसाठीचा आतला प्रायमर पूर्ण जुळत नाही. ती चूक नव्हे. निप्पोनबारे हा बिनवासाचा वाण असल्यामुळे तसेच व्हायला हवे. हे निबंधाच्या पद्धती-विभागात एका वाक्यात सांगून टाकावे, म्हणजे परीक्षकाचा एक प्रश्न आधीच सुटतो.

मार्करचे, म्हणजे ॲलील ओळखण्याच्या डीएनए खुणेचे, नाव आणि जनुकाचे नाव यांची सरमिसळ टाळणेही इथेच आवश्यक आहे. ‘आमच्या वाणात बीएडीएच२ आढळले नाही’ असे वाक्य मी अनेक प्रबंधांच्या मसुद्यांत वाचले आहे. लेखकाला म्हणायचे असते की २५७ चा पट्टा आला नाही. जनुक त्या वाणात असतेच. नसतो तो एक विशिष्ट ॲलील.

आवृत्तीशिवाय क्रमांक अपुरा राहतो

लोकस क्रमांक कोणत्या जीनोम-जुळणीवर (तुकडे जोडून तयार केलेल्या जीनोमवर) आणि कोणत्या ॲनोटेशनवर (त्यावर जनुके कुठे आहेत याच्या नोंदीवर) आधारलेला आहे, हे सांगितले नाही तर काही वर्षांनी तो क्रमांक संदिग्ध होतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या मुख्य पिकाचे, सोयाबीनचे आहे. फुलोऱ्याचा काळ ठरवणारे ‘ई२’ हे जनुक पहिल्या आवृत्तीत ग्लायमा१०जी३६६०० होते. दुसऱ्या आवृत्तीत जनुकांना नव्याने क्रमांक दिले गेले, मधे बिंदू आला, ‘जी’ मोठ्या (कॅपिटल) लिपीत आला आणि तेच जनुक ग्लायमा.१०जी२२१५०० झाले. जुन्या निबंधातला क्रमांक नुसता बिंदू घालून नव्या डेटाबेसमध्ये शोधणाऱ्याच्या हाती तेच जनुक लागेल याची कोणतीही शाश्वती नाही.

गव्हाने ही अडचण क्रमांकातच आवृत्ती गुंफून सोडवली आहे. बुटक्या गव्हाशी संबंधित ‘आरएचटी-बी१’ या जनुकाचा क्रमांक ट्रेससीएस४बी०२जी०४३१०० असा आहे. त्यात ‘सीएस’ म्हणजे चायनीज स्प्रिंग हा वाण, ‘४बी’ म्हणजे गुणसूत्र आणि ‘०२’ म्हणजे ॲनोटेशनची आवृत्ती. पुढच्या आवृत्तीत या जागी ‘०३’ येते. गव्हात ए, बी आणि डी अशा तीन उपजीनोमांवर (गुणसूत्रांच्या संचांवर) जवळपास सारखी जनुके असल्यामुळे त्यांतले कोणते, हे सांगणे तिथे अनिवार्यच आहे.

भातासाठी जीनोमची जुळणी आयआरजीएसपी-१.० असे लिहावे आणि त्यापुढे रॅप-डीबी कोणत्या तारखेला पाहिला ते नोंदवावे. एमएसयूचा आधार घेतला असेल तर आवृत्ती ७ असा उल्लेख करावा. अरॅबिडॉप्सिससाठी टेअर-१० की आरापोर्ट-११ यांपैकी कोणती आवृत्ती हे सांगावे. एकाच जनुकाचे अनेक प्रतिलेख (त्यावरून तयार होणाऱ्या आरएनए प्रती) असतील आणि तुमच्या प्रायमरने त्यांतला एकच पकडला जात असेल, तर प्रतिलेखाचा क्रमांकही द्यावा. एमएसयूमध्ये तो जनुकाच्या क्रमांकापुढे बिंदू आणि आकडा असा येतो. रॅपमध्ये ‘जी’च्या जागी ‘टी’ येऊन शेवटी जोडरेषा आणि दोन आकडे येतात. जीन एक्स्प्रेशनच्या अभ्यासात हा तपशील गाळला, की दोन प्रयोगशाळांचे निष्कर्ष का जुळत नाहीत याचा उलगडा कधीच होत नाही.

संदर्भ जीनोममध्ये जनुकच नसेल तेव्हा

ही वेळ वाटते तितकी दुर्मीळ नाही. पुराच्या पाण्यात बुडूनही भात तगवणारे ‘सब१ए’ हे जनुक ओडिशातल्या एफआर१३ए या वाणातून आले आणि २००६ साली प्रसिद्ध झाले. स्वर्णा-सब१ हा वाण त्याच जनुकामुळे तयार झाला. त्याच्या शेजारची ‘सब१बी’ आणि ‘सब१सी’ ही भावंडे निप्पोनबारेत आहेत, पण ‘सब१ए’ तिथे नाहीच. साहजिकच निप्पोनबारेवर आधारलेल्या दोन्ही मालिकांमध्ये त्याला स्वतःचा क्रमांक नाही. अशा वेळी ब्लास्टमध्ये सर्वांत जवळचे म्हणून जे जनुक मिळते त्याचा क्रमांक लिहून टाकणे ही गंभीर चूक आहे, कारण त्यामुळे ‘सब१सी’चा क्रमांक ‘सब१ए’च्या नावाला चिकटतो आणि पुढचे वाचक तो तसाच उचलतात.

अशा जनुकासाठी जेनबँक, ईएनए किंवा डीडीबीजे या सार्वजनिक संग्रहांपैकी एका ठिकाणी दाखल केलेल्या डीएनए क्रमाचा नोंदणी क्रमांक, बिंदूनंतरच्या आवृत्तीसह, द्यावा. या तिन्ही संस्था आपसांत माहितीची देवाणघेवाण करत असल्यामुळे एका ठिकाणी दाखल केलेला क्रम तिन्हीकडे मिळतो. फरिदाबादला भारतीय जैविक माहिती केंद्र २०२२ मध्ये सुरू झाले असून आपल्याकडच्या संशोधकांना तिथेही क्रम दाखल करता येतात. स्थानिक वाणांवर काम करणाऱ्यांनी हा मुद्दा विशेष मनावर घ्यावा. आपल्या घाटमाथ्यावरच्या भातांमध्ये निप्पोनबारेत नसलेली जनुके असणे अगदी शक्य आहे, आणि ती नीट नोंदली गेली तरच त्यांचे श्रेय आणि उपयोग दोन्ही इथल्या कामाला मिळेल.

ॲलील, बदल आणि रोपाची ओळख

जनुक निश्चित झाल्यावर त्यातला नेमका बदल सांगावा लागतो. सुगंधी भातांत सर्वाधिक आढळणाऱ्या ‘बीएडीएच२-ई७’ या ॲलीलमध्ये सातव्या एक्झॉनमधले (जनुकाच्या अंतिम आरएनएमध्ये राहणाऱ्या भागातले) ८ बेस गळालेले आहेत. त्यामुळे प्रथिनाच्या बांधणीत अवेळी थांबा येतो आणि ५०३ अमिनो आम्लांऐवजी २५१ अमिनो आम्लांचे अपुरे प्रथिन तयार होते. एन्झाइम निकामी झाल्यामुळे २-अॅसिटिल-१-पायरोलीन हे सुवासिक द्रव्य दाण्यात साठते. दुसऱ्या, ‘बीएडीएच२-ई२’ या ॲलीलमध्ये दुसऱ्या एक्झॉनमधले ७ बेस गळालेले आहेत. वास दोन्हींमुळे येतो, परंतु वर सांगितलेली चार प्रायमरची चाचणी फक्त पहिला ॲलील पकडते. म्हणून ‘सुगंधी जनुक आढळले’ असे मोघम न लिहिता कोणता ॲलील, कोणत्या चाचणीने, हे लिहावे.

बदलाचे स्थान देताना मोजणी कुठून सुरू केली ते सांगावे. प्रथिनाची बांधणी जिथून सुरू होते त्या एटीजीमधल्या ‘ए’पासून, प्रतिलेखाच्या सुरुवातीपासून की गुणसूत्राच्या टोकापासून, यांवर आकडा पूर्ण बदलतो. जनुकांची स्थाने साठवणाऱ्या फाइलच्या प्रकारांतही फरक आहे. जीएफएफ फाइलमध्ये मोजणी १ पासून आणि बेड फाइलमध्ये ० पासून सुरू होते, त्यामुळे एका फाइलमधून दुसरीत आकडे नेताना एका बेसची चूक सहज शिरते. प्रायमर किंवा क्रिस्परचा (जनुक-संपादनाच्या तंत्राचा) लक्ष्यक्रम ठरवताना एवढी चूकही महागात पडते. बदलाच्या दोन्ही बाजूंचे वीस-पंचवीस बेस निबंधात छापले, तर आवृत्ती कितीही बदलली तरी वाचक ती जागा शोधून काढू शकतो.

रोपाची ओळखही याच विभागात यावी. ‘आंबेमोहर’ एवढे नाव पुरेसे नाही, कारण त्या नावाखाली एकाहून अधिक प्रकार लावले जातात. आंबेमोहर-१५७ हा निवडलेला वाण असेल तर तसे लिहावे. शेतकऱ्याकडून घेतलेले बियाणे असेल तर गाव, तालुका आणि वर्ष द्यावे, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोचा आयसी क्रमांक किंवा आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या जनुकपेढीचा क्रमांक उपलब्ध असेल तर तो अवश्य जोडावा.

नवे नाव देण्यापूर्वी

नवे नाव द्यायची खरोखर गरज आहे का, हे आधी तपासावे. त्या लोकस क्रमांकाला आधीच नाव मिळालेले असेल, तर तुमचा निष्कर्ष कितीही नवा असला तरी नाव जुनेच वापरावे. अरॅबिडॉप्सिसमधले एटी१जी१२११० हे नायट्रेट वाहून नेणारे जनुक प्रथम क्लोरेटला दाद न देणाऱ्या उत्परिवर्तित रोपांवरून ‘सीएचएल१’ म्हणून ओळखले गेले, मग ‘एनआरटी१.१’ झाले, आणि २०१४ साली त्या संपूर्ण कुळाची नावे एकसूत्री केल्यावर ‘एनपीएफ६.३’ झाले. तिन्ही नावे आजही वापरात आहेत. चौथे नाव देऊन कोणाचेही भले होणार नाही.

नाव खरोखरच नवे हवे असेल, तर ते त्या पिकाच्या अधिकृत नोंदीत आहे का ते पाहून नोंदणी करावी. भातासाठी जनुक-नामकरण समितीचे नियम २००८ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत आणि ओरायझाबेसमार्फत नावनोंदणी करता येते; अरॅबिडॉप्सिससाठी टेअर आणि मक्यासाठी मेझजीडीबी या डेटाबेसकडे जावे. तीन-चार अक्षरी संक्षेप दोन अर्थांनी वापरला जाणे नेहमीचे आहे. अरॅबिडॉप्सिसमध्ये ‘एसपीएल’ हे स्क्वॅमोसा प्रमोटर बाइंडिंग प्रोटीनसारख्या जनुकांच्या कुळाचे नाव आहे आणि ‘स्पोरोसाइटलेस’ या अगदी वेगळ्या जनुकाचेही. प्रथिनाच्या तर्काने मांडलेल्या कार्यावरून नाव देतानाही सावध राहावे. बीएडीएच२ च्या नावात बीटेन आहे, पण भात ग्लायसिन बीटेन फारसे साठवतच नाही.

दुसऱ्या वनस्पतीवरून नाव उचलताना तर दुप्पट काळजी घ्यावी. नाव आणि त्यातला आकडा सारखा म्हणजे कार्य सारखे, असे मुळीच नसते. भातातील ‘डब्ल्यूआरकेवाय४५’ करपा रोगाच्या प्रतिकाराशी निगडित आहे, तर अरॅबिडॉप्सिसमधील ‘डब्ल्यूआरकेवाय४५’ फॉस्फेट शोषणाशी संबंधित म्हणून नोंदले गेले आहे. दोन जनुकांचे वंशज-नाते ब्लास्टमधल्या पहिल्या जोडीवरून न ठरवता वंशवृक्ष काढून, आणि शक्य तिथे शेजारच्या जनुकांचा क्रम जुळवून, दाखवावे.

प्रजातीची दोन अक्षरे नावाआधी जोडण्याची प्रथा तुलनेच्या निबंधात उपयोगी पडते, पण ती पुरेशी मानू नये. ‘सीए’ म्हणजे हरभराही होतो आणि मिरचीही. ‘सीसी’ म्हणजे तूरही आणि कॉफीची एक जातही. पहिल्या उल्लेखात प्रजातीचे पूर्ण शास्त्रीय नाव द्यावे.

लिपी, तिरपे अक्षर आणि कोष्टके

जनुकाचे नाव तिरप्या अक्षरांत आणि प्रथिनाचे सरळ अक्षरांत, हा नियम बहुतेक सर्वत्र पाळला जातो. अरॅबिडॉप्सिसमध्ये मूळ जनुक मोठ्या लिपीत, उत्परिवर्तित जनुक लहान लिपीत आणि ॲलीलचा आकडा जोडरेषेनंतर लिहितात. मक्यात जनुक लहान लिपीत लिहिण्याचा प्रघात आहे. ज्या पिकावर लिहीत आहात त्याचेच नियम पाळावेत.

कोष्टकांकडे मात्र जास्त लक्ष द्यावे, कारण पुढचे संशोधक तीच उचलतात. एक्सेलमध्ये ‘एसईपी३’ हे फुलांच्या घडणीतले महत्त्वाचे जनुक टाकले की त्याची ३ सप्टेंबर ही तारीख होते आणि ती साठवल्यावर मूळ नाव परत मिळत नाही. त्यासाठी नावांचा स्तंभ भरण्यापूर्वी त्याचा प्रकार मजकूर असा ठरवून घ्यावा, फाइल उघडल्यावर तारखांसारखे दिसणारे रकाने शोधावेत आणि पूरक माहिती पीडीएफमध्ये न देता साध्या मजकुराच्या किंवा सीएसव्ही फाइलमध्ये द्यावी. प्रायमरच्या प्रत्येक ओळीत जनुकाचे नाव, लोकस क्रमांक, आवृत्ती आणि अपेक्षित तुकड्याची लांबी असावी. आकृतीत जागेअभावी फक्त नाव द्यावे लागले, तर क्रमांक आकृतीच्या खालच्या ओळीत द्यावेत.

हे सगळे पाळलेले पहिल्या उल्लेखाचे वाक्य साधारण असे होईल : ‘आंबेमोहर-१५७ या वाणात आठव्या गुणसूत्रावरील बीएडीएच२ या जनुकाचा, म्हणजे रॅप-डीबीतील ओएस०८जी०४२४५०० आणि एमएसयू आवृत्ती ७ मधील एलओसी_ओएस०८जी३२८७० या लोकसचा, आयआरजीएसपी-१.० या जुळणीच्या आधारे अभ्यास केला. पूर्वीच्या लेखनात हेच जनुक एफजीआर, बीएडी२ आणि एएमएडीएच२ या नावांनी आले आहे.’ यानंतर संपूर्ण निबंधात फक्त बीएडीएच२ हे एकच नाव वापरावे. गोषवाऱ्यातही लोकस क्रमांक बसवता आला तर बसवावा, कारण पुष्कळ शोधयंत्रे गोषवाराच आधी चाळतात.

निबंध स्वीकारला गेला की जेनबँकमधली नोंद खुली केली आहे का ते स्वतः पाहावे. प्रसिद्धीपर्यंत राखून ठेवलेली नोंद तशीच बंद राहिल्याचे वाचकाच्या फार उशिरा लक्षात येते. त्यानंतर निबंधाचा डीओआय (त्याचा कायमचा ओळख क्रमांक) ओरायझाबेसला किंवा त्या पिकाच्या डेटाबेसला कळवावा, म्हणजे जनुकाच्या पानावर तुमच्या वाणाची आणि ॲलीलची नोंद होऊ शकते.